हळद कुणाच्या नावाची

बार्शीला परत आल्यापासून जो तो विचारतोय, पनवेलला काय पाहिलंत? आमच्याकडं पनवेल म्हणजे मुंबईला जाताना गाडी थांबते ते ठिकाण. तिथं डोळे चोळत खिडकीबाहेर बघायचं, चहा घ्यायचा की नाही यावर नवऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा झोपायचं. तिथं कुणी मुद्दाम आठवडाभर राहायला जातं हेच लोकांना पटत नाही. बरं, सांगायला बसावं तर माझाच गोंधळ होतो. मेंदूचं यंत्र पाहिलं म्हणावं, तर त्यातलं निम्मंही कळलेलं नाही. लग्न पाहिलं म्हणावं, तर नवरी कोण होती इथपासून सुरुवात करावी लागते. म्हणून एकदाचं बसून ओळीनं लिहून काढते.

माझी मुलगी केतकी तिथल्या एका विद्यापीठाच्या मेंदू-संशोधन केंद्रात काम करते. जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रं काढायची आणि त्यावरून काय कळतं ते बघायचं, असं तिच्या कामाचं मला समजलेलं रूप. केंद्राचा एक दिवस बाहेरच्या लोकांसाठी होता. गेल्या काही वर्षांत काय काय केलं ते त्या दिवशी दाखवणार होते. "तू आयुष्यभर चित्रकला शिकवलीस, आमची चित्रं बघायला तरी ये," असं म्हणून तिनं मला पेचात पकडलं. ह्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटीच निघाले. खरं सांगायचं तर माझा हेतू वेगळा होता. केतकीला तेहतिसावं संपत आलंय आणि लग्नाचा विषय काढला की ती कामाचा विषय काढते. समोरासमोर बसून एकदा सोक्षमोक्ष लावायचा असं मी ठरवलं होतं.

विचुंबे

गाडीतून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. केतकी घ्यायला आली होती, पण ती पुलाखाली आणि मी पुलावर. फोनवर म्हणते, "आई, रिक्षा दिसतायत ना, तिकडं ये." मी बघते तर चारी बाजूंना रिक्षाच. एक जुनं पनवेल, एक नवं पनवेल, आणि बोलताना सगळे नुसतं पनवेल म्हणणार. कुणाला कोणतं म्हणायचंय ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेवटी एका रिक्षावाल्यानं माझा फोन घेतला, केतकीशी दोन वाक्यं बोलला आणि मला तिच्यापुढं नेऊन उभं केलं. भाडं विचारलं तर हात हलवून निघून गेला.

विचुंबे हे नव्या पनवेलला खेटून असलेलं गाव. एका बाजूला उंच इमारती आणि त्यांची न वाचता येणारी इंग्रजी नावं, दुसऱ्या बाजूला भात कापून झालेली शेतं आणि त्यात वाल पेरलेला. मध्ये गाव. आमच्याकडं घराला रंग द्यायचा तर पांढरा नाहीतर फिका पिवळा. इथं एक घर जांभळं, पुढचं गुलाबी, त्याच्या पुढचं पोपटी, आणि खिडक्यांना तिसराच रंग. मी वर्गात असल्या रंगसंगतीला लाल शेरा दिला असता, पण सकाळच्या उन्हात ते सगळं इतकं आनंदी दिसत होतं की मी गप्प बसले.

केतकी राहते ते पोपटी घर. ती वरच्या खोलीत भाड्यानं राहते. खाली घरमालकीण वंदनाताई, त्यांची मुलगी पूजा आणि वंदनाताईंच्या सासूबाई हिराआजी. वंदनाताईंचे यजमान बंदरात पाळीच्या नोकरीवर, ते मला दोनदाच दिसले. दारात मांडवाचे खांब रोवायचं काम चाललं होतं, कारण त्याच रविवारी पूजाची हळद होती आणि सोमवारी लग्न.

हिराआजी ओट्यावर बसल्या होत्या. नऊवारी साडी, केसांत अबोलीची वेणी, ताठ पाठ. मी नमस्कार केला. त्या छान हसल्या आणि म्हणाल्या, "नाय गो." मी दचकून केतकीकडं पाहिलं. नाही म्हणण्यासारखं मी काही विचारलंच नव्हतं. मग वंदनाताईंनी चहा आणला. आजी पुन्हा "नाय गो" म्हणाल्या आणि त्यांनी कप उचलून माझ्या हातात दिला. मला वाटलं, पाहुण्यांची थट्टा करायची इथली रीत असेल. म्हणून मीही हसून "नाही हो" म्हणाले. त्यावर आजींनी भुवया चढवल्या आणि वंदनाताई आत निघून गेल्या.

वर खोलीत गेल्यावर केतकीनं सांगितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या पावसाळ्यात आजींना मेंदूचा झटका आला होता. हातपाय सावरले. समोरच्याचं बोलणं त्यांना सगळं कळतं. पण बोलणं गेलं. उरले ते एवढे दोनच शब्द. होकार, नकार, राग, माया, सगळं त्यातच. कोणतं कधी ते भुवयांवरून ओळखायचं.

"आणि तरीही त्या गातात," केतकी म्हणाली. "शब्दांसकट. एकही शब्द न चुकता."

हे कसं ते मला कळेना. बोलता येत नाही तर गाता कसं येईल? केतकी म्हणाली, तेच तर आम्ही शोधतोय.

या भागातल्या आगरी गावांत लग्नात धवलारीण लागते. लग्नाच्या विधींची गाणी गाणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. आमच्याकडंही हळदीला बायका गातात, पण ज्यांना येतं त्या गातात आणि हल्ली कुणालाच येत नाही म्हणून मोबाईल गातो. इथं तसं नाही. धवलारणीला नारळ देऊन बोलावतात, भटजींना बोलवावं तितक्याच मानानं. ती गाण्यातून देवांना बोलावते, घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, मग नवरीला पाटावर बसवते. तिचं गाणं पुढं सरकलं की विधी पुढं सरकतो. हिराआजी विचुंब्याच्या धवलारीण. सासूकडून शिकलेल्या. त्यांच्या गाण्यावाचून गावात कुणाला हळद लागली नव्हती.

झटक्यानंतर गाणी शाबूत राहिली, पण प्रत्येक गाण्यात नवरीच्या नावाची जागा असते आणि तिथं येऊन त्या थांबायच्या. ओठ हलायचे, नाव यायचं नाही. पोटच्या मुलालासुद्धा त्यांनी तेव्हापासून नावानं हाक मारलेली नव्हती. म्हणून गावातली लग्नं शेजारच्या ओवे गावातल्या एका धवलारणीकडं गेली होती. पूजाच्या हळदीचा नारळही वंदनाताईंनी तिलाच दिला होता. सख्ख्या नातीची हळद, आणि आजींना नारळ नाही. त्या दिवसापासून आजी धड जेवत नव्हत्या.

दुपारी तांदळाच्या भाकरी थापता थापता वंदनाताई माझ्यापाशी मोकळ्या झाल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीला हात जोरात लागतो, ही भाकरी पाण्याच्या हातानं नुसती सरकवायची. माझी पहिली फाटली, दुसरी तव्यावर जाता जाता दुमडली. वंदनाताई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मना का हौस हाय का, ताई?" त्या म्हणाल्या. "गानी सगली येतान आयेला. पन नावच नाय आलं त ती हलद कोनाची? भर मांडवान ती थांबली त लोकां तिला हसतील. ता मना बघवाचा नाय."

मी तिसरी भाकरी घेतली आणि तीही फाटली.

केंद्र

शुक्रवारी केंद्राचा दिवस होता. इमारत काचेची, आत इतकं गार की मी पदर घट्ट लपेटून फिरले. दोन्ही बाजूंना मोठमोठे फलक आणि प्रत्येक फलकापाशी एकेक हुशार पोरगा किंवा पोरगी. मी आपली सवयीनं चित्रांकडं बघत गेले. मेंदूचे करडे काप आणि त्यांवर तांबडे, पिवळे ठिपके. मी एकाला विचारलं, मेंदू इथं तांबडा असतो का? तो म्हणाला, नाही, मेंदूला असा रंग नसतो, यंत्र नुसते आकडे देतं, रंग आम्ही भरतो. मग तांबडाच का, निळा का नाही, असं विचारल्यावर तो जरा अडखळला आणि म्हणाला की तशी पद्धत आहे. तीस वर्षं मुलांना 'मनाचे रंग भरू नका' असं बजावत आलेल्या बाईला हे कसं पचावं?

एक गोष्ट मात्र पुरती समजली आणि आवडलीही. बोलणं गेलेल्या माणसाला चित्रं दाखवून नावं विचारतात. पूर्वी ती चित्रं परदेशी होती, बर्फाची घरं वगैरे. आजारी माणूस गप्प बसला की त्याला शब्द येत नाही असं धरायचे. त्या बिचाऱ्यानं ती वस्तू जन्मात पाहिलेली नसायची. केतकीच्या गटानं आता नवा चित्रसंच केलाय. त्यात पाटा-वरवंटा आहे, सूप आहे, पाळणा आहे, कोयता आहे. माझा ऊर भरून आला. सुपाचा आकार चुकला होता, तेवढं मी सांगितलं.

बाकी सगळा गोंधळच. प्रत्येक फलकावर वर मोठ्या अक्षरांत काय साधलं ते लिहिलेलं, आणि खाली जाता जाता 'असे दिसते', 'असावे', 'अजून पाहायला हवे'. केतकीच्या फलकावर गाण्याचं काम होतं. बोलण्याची जागा बिघडली तरी गाताना मेंदूच्या दुसऱ्या बाजूला हालचाल दिसते, काही जणांत तरी. म्हणजे गाण्यातून बोलणं परत आणता येईल का, हा प्रश्न. पाठ झालेलं गाणं येतं हे त्यांना ठाऊक होतं. त्या गाण्यात एखादा नवा शब्द बसवता येतो का, हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग येतो का? केतकी म्हणाली, "माहीत नाही." तिचे मोठे सरही शेजारी उभे होते, तेही म्हणाले, "माहीत नाही." आणि दोघंही हे अगदी खुशीत सांगत होते. परीक्षेत आमची पोरं असं लिहून आली असती तर आम्ही पालकांना बोलावलं असतं.

हिराआजी या अभ्यासात होत्या. त्यांची संमती चित्रं दाखवून घेतली होती. कशावर तरी बोट ठेवायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच विचारायचं, आणि उत्तर तेच आलं तरच होकार धरायचा. त्यांची यंत्रात जायची वेळ नेमकी लग्नाच्या आदल्या शनिवारी येत होती. केतकी पुढं ढकलूया म्हणाली. आजींनी यंत्राच्या चित्रावर बोट ठेवलं ते उचलेनात. वंदनाताईंची समजूत अशी की यंत्रातून आलं की नाव येईल. यंत्र नुसतं बघतं, बरं करत नाही, हे केतकीनं नाना प्रकारे सांगितलं होतं. वंदनाताई मान डोलवायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या. आजींची समजूत काय होती ते कोण सांगणार?

यंत्राच्या आत

शनिवारी आम्ही चौघी गेलो, आजी, वंदनाताई, केतकी आणि मी. आत धातूचा कणही चालत नाही. आजींच्या कानांतल्या कुड्या निघाल्या, केसांतले आकडे निघाले, आणि अबोलीची वेणी हातात घेऊन मी उभी राहिले. साडीऐवजी तिथला झगा घालायचा होता. त्या झग्यात आजी एकदम लहान दिसायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. वाटलं, या बाईला मांडवातून उठवून आपण इथं कुठं आणलं?

त्यांना यंत्राच्या बोगद्यात सरकवलं. घाबरायला झालं तर दाबायला एक रबरी फुगा हातात दिला. काचेच्या अलीकडं आम्ही बसलो. यंत्र सुरू झालं. विहिरीवर सुरुंगाची भोकं पाडतात तसा आवाज. आत आजींच्या कानांवर जाडजूड हेडफोन होते आणि केतकी माइकवरून बोलत होती. आधी अंगाई झाली. आजी अगदी हळू आवाजात, डोकं न हलवता गायल्या. मग केतकी म्हणाली, "आजी, आता हळदीचं गाणं." आतून काहीच नाही. केतकीनं पुन्हा सांगितलं. "नाय गो," आजी म्हणाल्या. तिसऱ्यांदाही तेच.

यंत्र चालवणारा तरुण घड्याळाकडं बघायला लागला. केतकी मला हळूच म्हणाली की थांबूया, कदाचित गाणंही जायला लागलं असेल. दोन शब्द आणि गाणी, एवढंच तर त्या बाईकडं उरलं होतं.

वंदनाताई इतका वेळ शेजारी बसून हातातल्या पिशवीचे बंद पिळत होत्या. "पन ती गाल कशी?" त्या म्हणाल्या. "नवरी कंय हाय? पाटाव कोनी बसलाच नाय आन हलद गावाची? असा कोनी गात नाय."

अंगाई कुणालाही, कधीही गाता येते. हळदीचं तसं नाही. समोर नवरी नसताना ती गाणी म्हणणं म्हणजे रिकाम्या पाटाला हळद लावणं. अशुभ. एवढ्या अभ्यासात हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि वंदनाताईंना हे सांगायची गोष्ट आहे असं वाटलं नव्हतं. केतकी म्हणाली, मग पूजाची हळद आहे असं समजून गायला सांगूया का? वंदनाताईंनी कानांवर हात ठेवले. पूजाची हळद उद्या. आज गायली तर उद्याची उष्टी होईल.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची केतकी आहे की. तिला बसवा."

केतकीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मनात आणलेला लग्नाचा विषय तिथंच मिटावा. पण वंदनाताईंना पटलं. लग्न व्हायचंय, वय झालंय, अडचण काय? त्यांनी केतकीला खुर्चीवरून उठवून पावलं ठेवायच्या लाकडी पाटावर बसवलं, स्वतःचा रुमाल तिच्या डोक्यावर टाकला आणि माइकशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आये, केतकी नवरी हाय. पाटाव बसलीय. हलद लावाची हाय."

क्षणभर नुसतं यंत्र आदळत राहिलं. मग आतून बारीक आवाज आला.

"हलद आयली गो, मांडवाचे दारी,
पाटाव बसली गो..."

आणि थांबला. नावाच्या जागी श्वास. मग "नवरी", आणि पुढचं कडवं. पुन्हा तिथंच रिकामं. आजींनी सगळं गाणं म्हटलं आणि जेवढ्या वेळा नाव यायला हवं होतं तेवढ्या वेळा ते आलं नाही. पडद्यावर मेंदूचे करडे काप सरकत होते. मी तांबडा ठिपका शोधत होते. केतकी म्हणाली की तो असा लगेच दिसत नाही, पुष्कळ हिशेब करून कित्येक दिवसांनी रंग भरता येतो. डोक्यावर रुमाल आणि अंगात पांढरा कोट घालून ती त्या पाटावर बसून राहिली होती. मी तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

बाहेर आल्यावर वंदनाताईंनी सासूच्या तोंडाकडं आशेनं पाहिलं. "नाय गो," आजी म्हणाल्या. या वेळी भुवया बघायची गरज नव्हती.

संध्याकाळी पाहुण्यांसाठी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. आमच्याकडं हुरडा भाजतात तोच हा सोहळा, फक्त हुरड्याला मीठ-चटणी पुरते आणि इथं अख्खं जेवण मडक्यात. शेंगांना पाल्याचा असा काही वास लागतो की मी थांबेचना. आजींच्या पुढ्यात वंदनाताईंनी सोललेले दाणे ठेवले. त्यांनी एकाही दाण्याला हात लावला नाही.

हळद

रविवारी सूर्य मावळायच्या सुमाराला मांडव भरला. इथं लग्नापेक्षा हळद मोठी असते हे मला ऐकून माहीत होतं, बघून पटलं. एका कोपऱ्यात मटणाची पातेली, दुसऱ्या कोपऱ्यात घराएवढे डीजेचे खोके. पण आधी धवलारणीचा धवला आणि मगच डीजे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. डीजेवाला हाताची घडी घालून वाट बघत उभा होता.

नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन चिरनेरहून त्याची आत्या आली होती. पूजा पिवळ्या साडीत पाटावर बसली. पाटाशेजारी ओव्याच्या धवलारीणबाई, आणि त्यांच्या मागं, भिंतीला टेकून, हिराआजी. ओव्याच्या बाईंनी नारळ हातात घेतला, कपाळाला लावला आणि मागं वळून तो आजींच्या ओटीत ठेवला. नातीची हळद आहे, पहिलं गाणं तुमचं, मी हाय बाजूला, असं काहीतरी त्या म्हणाल्या. भर मांडवात वंदनाताईंना नको म्हणता येईना.

आजी पुढं सरकल्या. कालचा झग्यातला आवाज आणि हा आवाज एकाच बाईचा आहे हे मला खरं वाटेना. देव झाले. घरातली गेलेली माणसं झाली. बायका प्रत्येक ओळ उचलून धरत होत्या. वरून एक विमान गेलं, त्याच्या आवाजात दोन ओळी बुडाल्या, आजी थांबल्या नाहीत. मग हळद मांडवाच्या दारी आली. मी केतकीचा हात धरला.

"पाटाव बसली गो..."

आजी थांबल्या. ओठ हलले. ओव्याच्या बाईंनी नाव सांगायला तोंड उघडलं, आणि आजींचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत.

"केतकी नवरी."

बायकांनी सवयीनं ओळ उचलली, "केतकी नवरी", आणि मध्येच एकेक आवाज गळून पडला. मला आधी आनंद झाला की नाव आलं. मग कळलं की कोणतं आलं. मग, आता खोटं कशाला बोलू, आईच्या मनाला जे वाटायचं तेही वाटलं. आणि त्याच्याच पाठोपाठ भीती, की हे आपणच करून ठेवलं. केतकीनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि तोंडावर ठेवला. ती रडत होती. आणि मांडवात कुजबुज सुरू झाली होती. नाव चुकलं. हळद दुसरीच्या नावाची लागली. चिरनेरच्या आत्यांनी उभं राहून विचारलं, नवरी कोण आहे मग? वंदनाताई मटकन खाली बसल्या.

आजींना कळलं होतं. सगळं कळायचं त्यांना, हेच तर वाईट. त्यांनी ओटीतला नारळ काढून ओव्याच्या बाईंपुढं ठेवला आणि उठायला हात टेकला.

"बस गो आजी," पूजा म्हणाली. ती पाटावरून हलली नव्हती. "बराबर बोलली ती. लग्नान नाव बदलतान ना नवरीचा? आते, तुमचे घरान तांदलाव नाव लिवनार ना उद्या? केतकीच लिवा. कागदाव मी पूजाच रानार, तो माजा हट्ट. पन माजे आजीनं नाव ठेवलाय, ता सासरी चालल का नाय, सांगा."

चिरनेरच्या आत्यांनी हळदीची वाटी उचलली, आजींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आजीनं ठेवलाय त चालल. गावा तुमी."

ओव्याच्या बाईंनीच ओळ धरली. "पाटाव बसली गो, केतकी नवरी." या वेळी साऱ्या मांडवानं उचलली. आजींनी पूजाच्या गालाला हळद लावली आणि गात राहिल्या. जिथं जिथं नाव यायचं तिथं तिथं माझ्या लेकीचं नाव येत होतं, आणि माझी लेक मांडवाच्या खांबाला धरून रडत होती.

मी तिला म्हटलं, अगं रडतेस काय, झालं ना सगळं नीट? ती म्हणाली, "आई, त्या मला ओळखतात तेच मुळी आजारानंतर. मी इथं राहायला आले तेव्हा त्यांचं बोलणं गेलेलं होतं. हे नाव त्यांच्याकडं आधी नव्हतंच. नवं नाव गाण्यात बसलं." मग डोळे पुसून म्हणाली की हे कुठं मांडता मात्र येणार नाही. यंत्र नव्हतं, मोजमाप नव्हतं, एक चुकलेलं नाव आणि मांडवभर बायका. मला विचारलंत तर अख्ख्या केंद्रात मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं काही हेच होतं. पण मी पडले चित्रकलेची बाई.

निघताना

लग्न छान झालं. दुसऱ्या दिवसापासून मात्र नवाच घोळ. आजी सगळ्यांना केतकी म्हणायला लागल्या. वंदनाताई केतकी, दूधवाला केतकी, ओट्यावर येणारी मांजरही केतकी. घरातले हरखून गेले होते. आमची केतकी तेवढी हरखली नाही. असं होतं म्हणाली. कधी कधी एखादा शब्द अडकतो आणि मग तो जिथं तिथं बाहेर पडतो. त्याला नाव घेणं म्हणत नाहीत. म्हणजे मांडवातलंही तसंच असेल का, असं मी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि या वेळी ते सांगताना ती खुशीत नव्हती. मला तर काहीच कळेना. आनंद करायचा की नाही, तेही कुणी ठरवून देईना.

मी निघाले त्या दिवशी पूजा माहेरी आली होती. रिक्षा दारात उभी. केतकीनं माझी मोठी बॅग उचलली होती. आजी ओट्यावर आपल्या जागी. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "केतकी." मी हसून मान हलवली. मनात म्हटलं, चला, मलाही तेच.

दोन पायऱ्या उतरले असेन. मागून पुन्हा, "केतकी..." मग आवाज थांबला. मी वळले. आजींचे ओठ हलत होते, मांडवात हलले होते तसे. पण आता गाणं नव्हतं, चाल नव्हती, ओळ उचलायला बायका नव्हत्या. केतकीनं बॅग खाली ठेवली. वंदनाताई दारात येऊन थांबल्या. कुणीही आजींना शब्द सांगितला नाही.

"केतकीची," आजी म्हणाल्या. घाम पुसावा तसा त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "केतकीची आय."

मी "ओ" दिली.